सेक्स सॉर्टेड सीमेन : संकरित गाईंच्या गोठ्यावर वर्षभर वापरल्यानंतर

सेक्स सॉर्टेड सीमेन म्हणजे मादी वासरू देणारे शुक्राणू निवडून वेगळे केलेलं वीर्य. त्याने कालवडच होते का, एवढंच विचारायचं असेल तर उत्तर सोपं आहे : होते. गाय गाभण राहिली तर दहापैकी नऊ वेळा कालवड, हा दावा खरा आहे. अडतं ते गाभण राहण्यापाशी, आणि ते बहुतेक वेळा आपल्याच गोठ्यात अडतं.

गाईत मादी वासरू देणाऱ्या एक्स शुक्राणूत नर देणाऱ्या वाय शुक्राणूपेक्षा सुमारे ३.८ टक्के जास्त डीएनए असतो. शुक्राणूंना रंग देऊन लेझरसमोरून एकेक सोडतात आणि या फरकावर वेगळं करतात. या सगळ्यात बरेच शुक्राणू वाया जातात, उरलेल्यांचं आयुष्य घटतं. साध्या कांडीत, म्हणजे वीर्य भरलेल्या बारीक नळीत, साधारण दोन कोटी शुक्राणू असतात, सॉर्टेडच्या कांडीत वीस ते चाळीस लाख. साध्या सीमेनमध्ये खपून जाणारी चूक इथे खपत नाही.

एक उदाहरण मांडून बघा. साध्या सीमेनने शंभरात चाळीस गाभण राहतात, सॉर्टेडने तीस, असं धरू. दहा भरवण्यांत (कृत्रिम रेतनांत) साध्याने चार गाभण, म्हणजे दोन कालवडी. सॉर्टेडने तीन गाभण, म्हणजे पावणेतीनच्या आसपास कालवडी. कालवडी वाढल्या, पण एक गाय कमी गाभण राहिली, आणि तिचे किमान २१ दिवस गेले. कांडीची किंमत धरताना हे भाकड दिवसही धरा. उलट बाजूला हेही धरा की एचएफच्या (होल्स्टीन फ्रिजियन या विदेशी जातीच्या) गोऱ्ह्याला आज गिऱ्हाईक नाही. २०१५ पासून राज्यात गोवंश हत्याबंदी लागू आहे, ट्रॅक्टरमुळे शेतात त्याला काम नाही, आणि दूध पाजून वाढवायचा तर तो खर्चच.

त्यामुळे वापर कुठे करायचा हे आधी ठरवावं. पहिला मान कालवडींचा. पहिल्यांदा भरवायची कालवड २५० ते २७५ किलोची, नियमित माज दाखवणारी असेल तर निकाल सगळ्यांत चांगला येतो. शिवाय पोटातलं वासरू मादी म्हणजे थोडं हलकं, त्यामुळे पहिल्या वेताला अडण्याचं प्रमाण कमी. त्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या वेताच्या, व्याल्यावर जार वेळेत पडलेल्या आणि ६० दिवस उलटून गेलेल्या गाई. दोन-तीनदा उलटलेल्या, म्हणजे भरवूनही गाभण न राहिलेल्या गाईला 'आता भारी कांडी घालून बघू' म्हणणं हा शुद्ध पैशाचा चुराडा आहे. तिथे आधी गर्भाशय तपासून घ्या.

वेळेचं गणित सॉर्टेडला वेगळं आहे आणि सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं. सकाळी माज दिसला की संध्याकाळी भरवा, हा जुना नियम साध्या सीमेनचा. सॉर्टेडचे शुक्राणू कमी तास टिकतात, म्हणून ते बीज सुटण्याच्या जवळ पोचायला हवेत. दुसरी गाय अंगावर उडाली तरी गाय शांत उभी राहते, तिथून १६ ते २४ तासांनी भरवणं योग्य. पहाटे सहाला असा माज दिसला तर रात्री दहानंतर, नाहीतर दुसऱ्या दिवशी उजाडताच. रात्री कोणी येत नाही हे धरून पहाटेचीच वेळ ठरवून टाकावी.

आता गोम अशी की दावणीला बांधलेल्या गाईत माज नेमका कधी सुरू झाला हे कळतच नाही. सोट (माजाचा चिकट स्राव) दिसते, गाय हंबरते, दूध घटतं, पण सुरुवातीचा तास हातातून गेलेला असतो. मुक्त संचार गोठ्यात दिवसातून तीनदा, त्यातली एक फेरी रात्री उशिरा, वीस-वीस मिनिटं उभं राहून बघितलं तर हा प्रश्न बऱ्यापैकी सुटतो. दावणीचा गोठा असेल तर निदान सकाळ-संध्याकाळ गाई अर्धा तास मोकळ्या सोडा. सोट काचेसारखी स्वच्छ आणि तार धरणारी हवी. पांढरट किंवा पू मिसळलेली दिसली तर कांडी वाचवा. माजानंतर एक-दोन दिवसांनी रक्ताचा डाग दिसला की लोक घाबरतात. त्यावरून गाय राहिली की उलटली हे ठरत नाही, पण तोवर भरवलं नसेल तर तो माज हातचा गेला एवढं नक्की.

कांडी ०.२५ मिलीची, बारीक. बाहेरच्या हवेत ती पटकन गरम होते. कांडी उचलताना डबी कंटेनरच्या गळ्याच्या वर काढायची नाही, आणि शोधाशोध करत बसायचं नाही. पाणी ३७ अंश, थर्मामीटर लावून, बोट बुडवून नाही. त्यात साधारण ४० सेकंद, पण पाकिटावरची सूचना वेगळी असेल तर तीच पाळा. पुसून कोरडी करायची, उन्हापासून आडोसा, आणि पाच-दहा मिनिटांत काम उरकायचं. सीमेन ग्रीवेच्या अगदी पुढे, गर्भाशयाच्या तोंडाशीच सोडायचं. कांड्या गोठवून ठेवणाऱ्या द्रवनत्राची (द्रवरूप नायट्रोजनची) पातळी पट्टी बुडवून बघायला कृत्रिम रेतन करणाऱ्याला सांगण्यात संकोच कसला? मे महिन्यात दुचाकीवर फिरणाऱ्या छोट्या कंटेनरमधलं नत्र झपाट्याने उडतं.

उन्हाळा हा वेगळा विषय. इंदापूर, बारामती, दौंड, शिरूर पट्ट्यात मार्च अखेरपासून जूनपर्यंत सॉर्टेड वापरूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. फॉगर आणि पंखे असले तरी. उष्णतेचा फटका अंडाशयात वाढत असलेल्या बीजांनाही बसतो, त्यामुळे पहिला पाऊस पडून गारवा आला तरी पुढचे दीड-दोन महिने गाई उलटत राहतात. सप्टेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरावा. त्यातही नोव्हेंबरनंतर भरवलेल्या गाई ऑगस्टपासून पुढे वितात. मावळ-मुळशीकडे भर पावसात, चिखलात जन्मलेल्या वासरांना हगवण लागते, म्हणून तिकडे डिसेंबर-जानेवारी अधिक बरा.

सर्वांत कमी बोललं जातं ते वळूबद्दल. कालवड मिळणार या आनंदात कांडीवरचा वळू कोण बघतो! उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली बायफ ही संस्था सुरू केली, गावोगाव संकर पोचला, आणि आज पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या अनेक गोठ्यांत एचएफचं रक्त ७५ टक्क्यांच्या पुढे गेलेलं आहे. ७५ टक्क्यांच्या गाईवरही पुन्हा शुद्ध एचएफची कांडी घातली की कालवड ८७.५ टक्क्यांची. एप्रिलमध्ये तोंड उघडून धापा टाकणारी, लाळ गाळणारी, आणि माज लपवणारी गाय आपणच पैसे देऊन तयार करतो. त्याऐवजी त्या ७५ टक्क्यांच्या गाईला ६२.५ टक्के एचएफच्या संकरित वळूची कांडी घातली तर कालवड ६९ टक्क्यांच्या आत येते. ब्राझीलने गिरोलांडो या संकरित जातीत हेच ५/८ होल्स्टीन आणि ३/८ गीर असं प्रमाण धरलं. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची फुले त्रिवेणी ही संकरित गाय ५० टक्के एचएफ, २५ टक्के जर्सी आणि २५ टक्के गीर अशी आहे. दुकानात सहज मिळतात त्या शुद्ध एचएफच्या कांड्या, संकरित वळूच्या मागून घ्याव्या लागतात. मागा. उलट गाय गीर असेल तर शुद्ध एचएफ घालायला हरकत नाही, पहिली पिढी ५० टक्क्यांची निघते आणि आपल्या हवेत ती छान दूध देते. परदेशी वळूच्या मुलींच्या दुधाचे आकडे थंड हवेतले, तिकडच्या खुराकावरचे असतात. भारतात मोजलेले आकडे असलेला वळू कमी चमकदार दिसला तरी तोच घ्या.

किंमत अजून बोचते. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशिमला देशी बनावटीचं सॉर्टिंग तंत्रज्ञान जाहीर झालं, त्याने दर खाली यायला हवेत. राष्ट्रीय गोकुळ मिशनखाली अनुदान मिळतं, पण आपल्या जनावरांच्या दवाखान्यात साठा आहे का हे माज येण्याआधी विचारून ठेवा.

आणि एक खर्च आधीच धरा : सगळ्या कालवडीच आल्या की सगळ्या वाढवाव्या लागतात. पहिल्या दोन तासांत दोन-अडीच लिटर चीक, नंतर रोज अर्धा किलो वजनवाढ, ४ ते ८ महिन्यांच्या वयात ब्रुसेला या गर्भपात घडवणाऱ्या रोगाची एकच लस. कालवड तीन वर्षांनी व्यायली तर कांडीवर वाचवलेला वेळ खुराकात गेला. कानातल्या बारा अंकी बिल्ल्याबरोबर वळूचा क्रमांकही वहीत लिहा, कारण दोन वर्षांनी त्याच वळूची कांडी त्याच्या मुलीला लागायला नको.