पॉलीपॉलिश, आठ महिन्यांनी: काम चोख, पण सॅम फाइलींचा पसारा!

गुरुवारी आमच्या भागात वीज जाते, म्हणून बुधवारी रात्रीच चाळीस जिवाणूंचं पॉलिशिंग (जुळवलेल्या जीनोममधल्या, म्हणजे पूर्ण डीएनएमधल्या, चुका सुधारणं) लावून घरी गेले. सकाळी बघते तर चौदाव्या नमुन्यावर सगळं थांबलेलं, डिस्क गच्च! आठ महिने पॉलीपॉलिश हेच टूल वापरतेय, पण सॅमवरचा राग आज लिहूनच काढते.

सॅम म्हणजे डीएनएचा वाचलेला प्रत्येक तुकडा (रीड) जीनोमवर कुठे बसतो ते नोंदवणारी मजकूर-फाइल. याला तिचं आटोपशीर रूप, बॅम, चालत नाही, सॅमच लागते. तीही दोन्ही रीड फाइलींची वेगवेगळी, बीडब्ल्यूए मेम या रीड्स बसवणाऱ्या प्रोग्रॅमला '-ए' हा पर्याय देऊन काढलेली. वर फिल्टर चालवला की आणखी दोन. आमच्या कव्हरेजला (एकेक जागा सरासरी किती रीड्समध्ये येते त्याला) एका जिवाणूमागे चार जीबी जातात. बुधवार पेठेत नव्या डिस्कचा भाव विचारला आणि तशीच परत आले.

सुरुवातीला दुसरीही तक्रार होती. आमचा मूळ जीनोम नॅनोपोरच्या लांब रीड्सवरून जुळवलेला, तोही जुन्या आर9.4.1 फ्लोसेलच्या (डीएनए वाचणाऱ्या चिपच्या); चुका सुधारायच्या त्या इल्युमिनाच्या छोट्या, अचूक रीड्सनी. नॅनोपोरमध्ये सलग सात-आठ ए (डीएनएचं एक अक्षर, म्हणजे बेस) आले की एखादा गळतो, जनुक तीन-तीन अक्षरांनी वाचायची फ्रेम सरकते आणि एका जनुकाचे दोन तुकडे दिसतात. आधीचं टूल भरपूर बदल करायचं, हे मोजकेच. मला वाटलं, कामात कच्चं आहे.

ते मत मी मागे घेतलंय. ई. कोलायमध्ये आरआरएनए ऑपेरॉनच्या (रायबोसोमच्या आरएनएच्या जनुकांच्या गटाच्या) 7 प्रती असतात, प्रत्येकी साधारण 5,000 बेसची. 150 बेसची इल्युमिना रीड त्यातल्या नेमक्या कुठल्या प्रतीची, हे कसं ठरवणार? नेहमीच्या अलाइनमेंटमध्ये (रीड्स जीनोमवर बसवताना) ती कुठल्यातरी एकीवर टाकली जाते. '-ए'मुळे ती जिथे जिथे बसते त्या सगळ्या जागा मिळतात, म्हणून प्रतींच्या आतल्या चुकाही सुधारतात. आणि दोन प्रतींत खरंच फरक असेल, तर तिथे दोन्ही प्रकारच्या रीड्स दिसतात आणि हे टूल त्या जागेला हातच लावत नाही. मी ज्याला कच्चेपणा म्हणत होते, तो हा संयम होता. हे टूल बनवणाऱ्या विक आणि होल्ट यांचा 2022 चा पेपर मी आधीच नीट वाचायला हवा होता.

कव्हरेज कमी असेल तर 'केअरफुल' पर्याय लावा. त्यात अनेक जागी बसणाऱ्या रीड्स सोडून दिल्या जातात.

डिस्क घेतली नाहीच. आता एका वेळी एकच नमुना घेते, पॉलिश झालेल्या जीनोमची फास्टा फाइल नीट लिहिली गेली की त्याच लूपमध्ये सॅम उडवते. काल रात्री चाळीसही पूर्ण झाले.