शिंदीच्या दुकानात चादरी : माल नंतर, आधी माळवद

सोलापुरातल्या चाटी गल्लीजवळच्या बोळातलं हे चादर-टॉवेलचं दुकान म्हणजे जुनं शिंदीचं, ताडीसारख्या मद्याचं दुकान. १९३० च्या मे महिन्यात रूपाभवानीजवळ शिंदीची झाडं तोडली गेली आणि त्यातून सोलापूरचं मार्शल लॉ (लष्करी अंमल) प्रकरण पेटलं. त्या शिंदीचा इतिहास इथल्या जमिनीत अजून दिसतो. मागच्या खोलीत शहाबादी फरशीत रांजणांचे तीन गोल खळगे आहेत आणि फरशीला मोरीकडे उतार आहे. मालकांनी खळगे बुजवले नाहीत, वर जाड काच बसवली. शाबास! उतारामुळे रॅक डुगडुगतात, म्हणून पायांखाली पाचरी ठोकल्यात, तेवढं चालायचंच.

खरी दौलत वर आहे : माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. सागवानी तुळया, त्यांवर कडीपाट (लाकडी कड्या आणि फळ्या), कडीपाटावर मातीचा थर आणि सगळ्यात वर पांढरी माती. काळी माती उन्हात भेगाळते, पांढरी तशी भेगाळत नाही. म्हणूनच इथल्या कमी पावसाला माळवद पुरतं आणि मे महिन्यात आत पंख्यावर भागतं. पण दर उन्हाळ्याअखेर पांढरी माती टाकून, चोपून उतार पन्हळीकडे राखावा लागतो. एक वर्ष चुकलं की सप्टेंबरचा पाऊस पाणी थेट तुळईच्या भिंतीतल्या टोकाशी नेतो आणि लाकूड कुजतं ते तिथूनच. नेमकं हेच टोक इथल्या पीओपीच्या सिलिंगनं झाकलंय. गळती दिसेल तेव्हा तुळई गेलेली असेल. निदान चारी कोपऱ्यांत उघडता येतील अशी झाकणं हवीत.

दुसरी चूक भिंतीत. काळ्या दगडाच्या, चुन्यात बांधलेल्या भिंतीला खाली तीन फूट सिमेंटचा गिलावा केलाय. ओल आता त्याच्या वर चढून लोणा (क्षार) धरतेय. काउंटरमागे बोट फिरवा, पांढरी भुकटी हाताला लागते. सिमेंट खरवडून, भिंत पुरती वाळू देऊन, एक भाग चुना आणि तीन भाग वाळू असा गिलावा करायला हवा. तोवर गठ्ठे भिंतीपासून वीतभर लांब, फळीवर ठेवावेत.

मालाबद्दल तक्रार नाही. जकार्डची चादर घट्ट विणीची, काठ सरळ. फक्त खालच्या कप्प्यातली घेऊ नका. घेतलीच तर घडी उलगडून आधी वास घ्या.