ऑब्जडम्प: दोन पावसाळ्यांमधला वापर

रत्नागिरीत माझं कंट्रोल कार्ड दुरुस्तीचं दुकान आहे. मासळीच्या कोल्ड रूम, पंपांचे पॅनेल, काजूचे ड्रायर, असलं काम. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा कोल्ड रूमवाले वर्षभर ढकललेली दुखणी घेऊन येतात. बऱ्याच कार्डांचा बनवणारा आता फोन उचलत नाही, सोर्स कोड मिळायचा तर प्रश्नच नाही. हातात असते ती चिपमधून वाचून काढलेली बायनरी फाइल. ती वाचायला मी ग्नू बिनयूटिल्स या फुकट साधनसंचातला ऑब्जडम्प गेल्या पावसाळ्यापासून सतत वापरतोय. कमांड लाइनवर चालणारा हा प्रोग्राम बायनरीतले बाइट उलगडून प्रोसेसरच्या सूचनांची वाचता येईल अशी यादी, म्हणजे असेंब्ली, छापतो.

माझं मत आधीच सांगतो. नेमका प्रश्न विचारता आला तर हे हत्यार अतिशय भरवशाचं आहे. प्रश्न अर्धवट असेल तर तेवढ्याच ठामपणे थापा मारतं.

पहिली ठेच बहुतेकांना इथेच लागते. कच्ची बायनरी दिली की 'फॉरमॅट ओळखता येत नाही' म्हणून ते हात वर करतं. कम्पायलरकडून (सोर्स कोडच्या प्रोसेसरसाठी सूचना बनवणाऱ्या प्रोग्रामकडून) थेट मिळणाऱ्या ईएलएफ फाइलमध्ये प्रोसेसर कुठला, कोड कुठे, डेटा कुठे, सगळं लिहिलेलं असतं. चिपमधून काढलेल्या फाइलमध्ये नुसते बाइट. त्यामुळे फाइल बायनरी आहे, प्रोसेसर आर्म आहे, सूचना थंब (आर्मच्या आखूड, बहुतेक दोन बाइटी सूचना) आहेत, हे सगळं आपणच सांगायचं. शिवाय कमांडमध्ये छोटा डी (-d) हा पर्याय वापरला तर काहीच छापलं जात नाही, कारण कच्ची फाइल ते डेटा समजतं आणि छोटा डी फक्त कोडचे भाग उलगडतो. कॅपिटल डी (-D) हवा. मॅन्युअलमध्ये हे आहे, पण ज्याला आधीच माहीत आहे त्यालाच सापडेल अशा बेताने.

हे जमलं की 'ॲडजस्ट व्हीएमए' हा पर्याय विसरू नका. एसटीएम३२ या आर्म चिपची फ्लॅश, म्हणजे कोड साठवायची मेमरी, ०८०००००० या हेक्स पत्त्यापासून सुरू होते. तो पत्ता दिला नाही तर यादी शून्यापासून सुरू होते आणि कोडमधल्या पूर्ण पत्त्यांशी तिचा मेळ बसत नाही.

आता थापांबद्दल. ऑब्जडम्प सुरुवातीपासून सरळ रेषेत वाचत जातं. समोर आलेले बाइट सूचना आहेत की नुसता आकडा, याचा विचार करत नाही. माझ्याकडे येणाऱ्या कार्डांवर एसटीएम३२एफ१०३ ही चिप फार दिसते. तिच्या सी८ प्रकारात ६४ केबी फ्लॅश आणि २० केबी रॅम. फाइलचे पहिले चार बाइट म्हणजे स्टॅकचा (रॅममधल्या तात्पुरत्या साठ्याचा) सुरुवातीचा पत्ता, समजा २०००५०००. ऑब्जडम्प त्याचं काय करतं? ५००० म्हणजे 'एसटीआर' (मेमरीत साठव), २००० म्हणजे 'मूव्ह्‌ज आर०, शून्य' (आर० या रजिस्टरमध्ये शून्य ठेव). दोन्ही सूचना अगदी खऱ्या दिसतात. नवखा माणूस त्यांचा अर्थ लावत संध्याकाळ घालवेल. पुढचे चार बाइट म्हणजे रीसेट व्हेक्टर, आणि कोड खरा सुरू होतो तो तिथे लिहिलेल्या पत्त्यावर. तो आकडा विषम असतो. शेवटचा बिट फक्त थंबची खूण, ती काढून पत्ता वाचायचा. 'स्टार्ट ॲड्रेस' या पर्यायाला तो पत्ता दिला की यादी ताळ्यावर येते.

या जुलैत एक कोल्ड रूमवाले कार्ड घेऊन आले. तक्रार एकच, "लाइट आली तरी कॉम्प्रेसर उठत नाय हो, पोरगा रीसेट दाबून दाबून दमतो." टेबलावर कार्ड ठणठणीत. म्हटलं, थांबायची वेळ कोडमध्ये असणार. पाच मिनिटं म्हणजे ३००००० मिलिसेकंद, हेक्समध्ये ४९३ई०. चिपमध्ये बाइट उलट्या क्रमाने बसतात म्हणून हेक्सडम्पमध्ये, म्हणजे फाइलच्या नुसत्या बाइटांच्या यादीत, ई० ९३ ०४ ०० शोधलं. एकाच जागी सापडलं. ऑब्जडम्पच्या यादीत त्याच जागेवर आकडा नव्हताच! तिथे होतं 'एसटीआर आर३, एसपी अधिक ८९६' आणि खाली 'मूव्ह्‌ज आर४, आर०'. कम्पायलर मोठे आकडे फंक्शनच्या शेपटीला ठेवतो आणि ऑब्जडम्प त्यांनाही सूचना समजून वाचतं.

पण याच ठिकाणी त्याचा एक गुण कामी येतो. आकडा उचलणाऱ्या 'एलडीआर' ओळीच्या शेवटी, तो कुठल्या पत्त्यावरून उचलला जाणार, हे गणित करून ते स्वतः लिहितं. त्या पत्त्यासाठी यादीवर ग्रेप (मजकूर शोधायची कमांड) मारला, एकच ओळ हाती आली. तिथून वर चढत गेलो, बी५१० या बाइटजोडीपाशी, म्हणजे 'पुश आर४, एलआर', थांबलो. फंक्शन सुरू होताना असा पुश नेहमीचाच. त्या फंक्शनला बोलावणारी 'बीएल' (फंक्शनकडे उडी मारायची सूचना) ओळ शोधली, तर ती थेट सुरुवातीच्या कोडमध्ये. म्हणजे लाइट येऊ दे नाहीतर कोणी रीसेट दाबू दे, पाच मिनिटं पहिल्यापासून मोजायची. पोरगा दर दोन मिनिटांनी बटण दाबत होता आणि घड्याळ दर वेळी मागे जात होतं. वेळ मी कमी केली नाही, गॅसचा दाब दोन्ही बाजूंना सारखा व्हायला ती लागतेच. पॅनेलवर 'थांबा' म्हणून एक दिवा लावून दिला.

असं काम घिड्रा या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही होतं, आणि खरं सांगायचं तर मोठी फाइल असेल तर मी तेच उघडतो. २०१९मध्ये अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने ते खुलं केलं. कोड कुठून कुठे जातो याचा माग काढत ते वाचतं, त्यामुळे मघासारखे आकडे बहुधा आकडेच राहतात, आणि वर सी भाषेसारखा मजकूरही देतं. पण त्याला जावा लागतं, मेमरी लागते, प्रोजेक्ट उघडावा लागतो. माझ्या दुकानातल्या जुन्या लॅपटॉपवर, इन्व्हर्टर अखेरचे श्वास घेत असताना, ऑब्जडम्प क्षणात यादी ओततं. ६४ केबीच्या फाइलच्या जास्तीत जास्त बत्तीस हजारांच्या आसपास ओळी, लेस या मजकूर वाचायच्या कमांडमध्ये आरामात चाळता येतात.

आपल्याच कोडसाठी मात्र याला तोड नाही. डीबग माहितीसह कम्पाइल केलं आणि कॅपिटल एस (-S) दिला की सीच्या ओळी आणि असेंब्ली एकाखाली एक येतात. इंजिनिअरिंगची एक विद्यार्थिनी प्रोजेक्ट घेऊन आली होती, ऑप्टिमायझेशन चालू केलं की एलईडी लुकलुकायचा थांबे. यादीत तिचा रिकामा 'फॉर' लूप औषधालाही नव्हता. कम्पायलरने बिनकामाचा म्हणून उडवला होता. 'व्होलटाइल' (कम्पायलरला 'हे उडवू नको' सांगणारा) शब्द घातला, लूप परत आला. आवृत्ती २.३२पासून एकाच फंक्शनचं नाव देऊन तेवढंच उलगडता येतं, तेही फार सोयीचं.

तक्रारी आहेतच. इंटेलच्या कोडसाठी आपणहून एटी अँड टी धाटणी देतं, ज्यात स्रोत आधी आणि गंतव्य नंतर. दर वेळी इंटेल धाटणी मागून घ्यावी लागते. साध्या लिनक्समधलं ऑब्जडम्प आर्मची फाइल दिली की बहुधा आर्किटेक्चर अज्ञात म्हणून मोकळं होतं; डेबियन किंवा उबुंटूवर आर्म-नन-ईएबीआयचं बिनयूटिल्स वेगळं बसवा, विंडोजवर आर्मच्या टूलचेनसोबत, म्हणजे कम्पायलर वगैरेंच्या संचासोबत, ते येतंच.

आणि चिपवर रीडआउट प्रोटेक्शन (फ्लॅश वाचू न देणारं कुलूप) लावलेलं असेल तर यातलं काहीच होणार नाही. ते काढायला गेलात की फ्लॅश पूर्ण पुसली जाते, कार्ड कोरं होतं. गिऱ्हाइकाला हे कार्ड हातात घेतानाच सांगा.