धमनीतल्या दाबाचं मॉडेल: विंडकेसल घ्यावं की एकमितीय?

धमनीतल्या दाबाचं गणित प्रोजेक्टसाठी घेताना आधी एक ठरवा. दाब केव्हा किती असतो एवढंच हवंय, की कुठे किती असतो तेही?

नुसतं ‘केव्हा’ हवं असेल तर ओटो फ्रांकने १८९९ मध्ये मांडलेलं विंडकेसल पुरतं. सगळ्या धमन्या मिळून एक फुगणारी टाकी आणि तिच्या पुढे रोध, एवढंच त्याचं चित्र. सरासरी दाब ९३ मिमी पारा आणि मिनिटाला ५.६ लिटर रक्त धरलं, तर रोध जवळपास १ मिमी पारा-सेकंद प्रति मिली येतो. लवचिकता, म्हणजे दाब १ मिमीने वाढला की टाकीत मावणारं जास्तीचं रक्त, १.५ मिली प्रति मिमी घेतली, तर हृदयाची झडप मिटल्यावर दाब किती वेगाने उतरतो ते सांगणारा कालांक (रोध गुणिले लवचिकता) १.५ सेकंद. एकच डिफरन्शियल इक्वेशन, कागदावर सुटणारं. खालचं बीपी कशामुळे टिकतं ते इतकं स्वच्छ दुसरं कोणतंही मॉडेल दाखवत नाही.

पण इथे दाबाची लाट नाहीच. दाब सगळीकडे एकाच क्षणी बदलतो. प्रत्यक्षात तरुण माणसाच्या महाधमनीत लाट सेकंदाला साधारण ५ मीटर धावते, वयाबरोबर भिंत ताठरली की १० च्याही पुढे. फाट्यांवरून आणि बारीक धमन्यांवरून ती परतते. म्हणूनच दंडातलं वरचं बीपी बहुधा महाधमनीतल्यापेक्षा जास्त भरतं, सरासरी दाब मात्र तिथे किंचित कमीच असतो! हे विंडकेसलला कधीच दिसणार नाही.

त्यासाठी एकमितीय मॉडेल, म्हणजे धमनीच्या लांबीवर कुठे किती दाब ते सांगणारं. वस्तुमान आणि संवेग यांची दोन समीकरणं, शिवाय दाब आणि धमनीच्या छेदाचं क्षेत्रफळ यांचं नातं. ऑयलरने १७७५ मध्येच अशी समीकरणं लिहिली होती. ती सोडवायला संगणक यावे लागले. दर फाट्यावर अटी लागतात, आणि धमन्यांचं जाळं जिथे थांबवाल त्या प्रत्येक टोकाला बहुधा पुन्हा विंडकेसलच जोडतात. त्यामुळे विंडकेसल आधी शिकाच. त्रिमितीय मॉडेल धमनीविस्फार किंवा स्टेंटसारख्या एखाद्याच जागेच्या अभ्यासासाठी राखून ठेवा.

माझं मत विचाराल तर निवड हातातल्या मोजमापांवरून करा. एकमितीय मॉडेलला प्रत्येक धमनीची लांबी, त्रिज्या, भिंतीची जाडी आणि ताठरपणा लागतो. तुमच्याकडे रुग्णाचं फक्त दंडाचं बीपी असेल, तर हे सगळे आकडे उसने आणावे लागतील. आलेख देखणा येईल, पण तो त्या रुग्णाचा नसेल. अशा वेळी विंडकेसलच घ्या. अल्ट्रासाउंडने मोजलेले व्यास आणि लाटेचा वेग मिळत असेल, तर मात्र बिनधास्त एकमितीयकडे वळा.