दिवा विझला म्हणून मी खूश झालो

नारायणगावहून वाशीला टोमॅटो नेतो. माल टाकून रिकामी पिकअप घेऊन येताना माळशेजच्या चढाला इंजिनातून ठकठक सुरू झाली आणि ऑइलचा लाल दिवा लुकलुकायला लागला. ओळखीच्या गॅरेजवाल्याने कान लावला. "दादा, बेरिंग गेलं. हाफ इंजिन करावं लागेल." क्रँक म्हणजे इंजिनचा मुख्य फिरता दांडा, त्याचं ग्राइंडिंग (मशीनवर घासणं), बेरिंग सेट, नवा ऑइल पंप, मजुरी धरून २८,००० मोजले.

गाडी घरी आली तेव्हा आवाज बंद, दिवाही बंद. फसलो तो इथेच. चावी फिरवली की इंजिन सुरू होण्याआधी तो दिवा लागलाच पाहिजे. माझा तेव्हाही लागत नव्हता, कारण पठ्ठ्याने प्रेशर स्विचची, म्हणजे ऑइलचा दाब कमी झाला की तो दिवा लावणाऱ्या स्विचची, वायर काढून टेप गुंडाळून ठेवली होती.

तीन महिन्यांत परत तीच ठकठक. वर मलाच ऐकवलं, "ऑइल बघत नाही तुम्ही." अरे, डिपस्टिकवर ऑइल फुल होतं!

मग जुन्नरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी इंजिनखालचं ऑइलचं चेंबर उतरवलं. पंप जिथून ऑइल ओढतो त्या स्ट्रेनरच्या जाळीत सिलिकॉनचे तुकडे अडकलेले. चेंबर बसवताना सिलिकॉन पेस्ट थापली, ती आत ओघळून तुटली. पंप जुनाच, रॉकेलने धुऊन चकचकीत केलेला. खाली ऑइल भरलेलं, पण बेरिंगपर्यंत पुरेसं चढतच नव्हतं. शेल म्हणजे क्रँकभोवतीच्या बेरिंगची अर्धगोल पट्टी, तिच्यावरचा राखाडी मऊ थर जाऊन तांबूस रंग उघडा पडला होता. मिस्त्री म्हणाले, "कचरा गेला असता तर फिरतीचे चरे दिसले असते. हे पुसल्यासारखं चोपडं आहे, म्हणजे कोरडं फिरलंय."

मग त्यांनी शेल उलटा करून दाखवला. पाठीवर 'एसटीडी', म्हणजे स्टँडर्ड, मूळ मापाचा. क्रँक ग्राइंड केला की बारीक होतो, त्याला ०.२५ किंवा ०.५० चा, म्हणजे तितके मिमी बारीक झालेल्या क्रँकसाठीचा जाड सेट लागतो. स्टँडर्ड सेट बसला, म्हणजे माझा क्रँक ग्राइंडिंगला गेलाच नव्हता. नुसता पॉलिश पेपर फिरवला होता.

तुमचं इंजिन उघडलं तर शेल बसवण्याआधी त्याची पाठ बघा आणि जुना पंप मागून घ्या. मी त्या वेळी समोरच्या टपरीवर चहा पीत बसलो होतो.

पैसे परत मागायला गेलो तर म्हणतो, "बिल दाखवा." बिल म्हणजे त्यानेच वहीतून फाडून दिलेला कागद, ना सही, ना शिक्का.