हँडब्रेक सोडताच तीनदा बीप: जुन्या पेट्रोल गाडीचा वापरानंतरचा अनुभव

२०२० सालची ही पेट्रोल हॅचबॅक मी गेल्या पोळ्याच्या सुमारास सेकंड हँड घेतली. दारव्हा तालुक्यातील आमच्या गावाहून यवतमाळला जाणे आणि वावराकडे जाणारी पांदण, एवढाच तिचा वापर. मायलेज चांगले आहे, वैशाखातही एसी पुरतो, आणि त्याबद्दल पुष्कळांनी लिहिले आहे. मला लिहायचे आहे ते बीपबद्दल, कारण तिने माझे पैसे, वेळ आणि स्वस्थता तिन्ही घेतले.

सकाळी अंगणात सेल्फ मारून हँडब्रेक सोडला की तीनदा बीप वाजे आणि रस्त्याला लागल्यावर ती आपोआप बंद होई. सर्व्हिस सेंटरने गाडी दिवसभर ठेवून घेतली, स्कॅनर लावला, बिघाडाचा कोणताही कोड दिसत नाही असे सांगितले, आणि तरीही मीटर बदलण्याचा खर्च लिहून हातात दिला. कोड नसताना मीटर खराब आहे हे कशावरून ठरवले, या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. बीप कुठे आणि कोणत्या क्षणी वाजते, हे तर तिथे मला कोणी विचारलेच नाही.

मग घरीच एकेक कारण बाजूला काढत गेलो. चावी ऑन करून सेल्फ न मारता थांबले, की मीटरवरचे बहुतेक दिवे लागून काही सेकंदांत विझतात. इंजिन ऑइल आणि बॅटरीचे दिवे मात्र इंजिन सुरू होईपर्यंत राहतात, आणि ते तसे राहणेच योग्य आहे. बॅटरी उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट आणि इंजिन सुरू झाल्यावर १४ च्या वर दाखवत होती, म्हणजे बॅटरी आणि चार्जिंग दोन्ही ठीक होते. सीटबेल्टचा संशय अधिक होता. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत चालक आणि शेजारची सीट या दोन्हींसाठी बेल्टची सूचना सक्तीची झाली, आणि शेजारच्या सीटवर खताची बॅग ठेवली तरी तिला माणूस समजून गाडी वाजते. बॅग डिकीत गेली, तरी तीन बीप कायम. (बेल्टची बीप दाबण्यासाठी मिळणाऱ्या खोट्या क्लिपा कोणीही लावू नयेत, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये त्यांची ऑनलाइन विक्री थांबवण्याचे आदेश दिले, ते योग्यच झाले.)

उलगडा झाला तो गाडी शाळेसमोरच्या सपाट रस्त्यावर उभी करून पाहिल्यावर. तिथे बीप वाजली नाही. अंगणात आणताच वाजली. आमच्या अंगणाला पावसाचे पाणी निघून जावे म्हणून उतार दिलेला आहे. बोनेट उघडून ब्रेक ऑइलच्या पांढुरक्या डबीवर टॉर्च धरली, तेव्हा तेल उतारामुळे एका अंगाला सरकून दुसरीकडे मिनच्या, म्हणजे किमान पातळीच्या, रेषेखाली गेलेले स्पष्ट दिसले. डबीतील तेलावर तरंगणारा फ्लोट तेवढ्याने खाली बसतो आणि लाल वर्तुळातील उद्गारचिन्हाचा दिवा लागतो. हँडब्रेकचा दिवाही तोच असल्याने हँडब्रेक वर असेपर्यंत त्यात वेगळे काही दिसत नाही. तो सोडल्यावरही दिवा विझत नाही, तेव्हाच गाडी वाजते. सर्व्हिस सेंटरची फरशी सपाट असल्यामुळे तिथे ती वाजणे शक्यच नव्हते.

दारव्ह्याच्या मिस्त्रीने चाक खोलण्याआधीच सांगितले, "भाऊ, तेल टाकून आवाज बंद करून देतो, पण तेल कुठं गेलं ते आधी पाहू." गळती कुठेच नव्हती. पुढचे ब्रेक पॅड झिजून पातळ झाले होते. पॅड झिजले की त्यांना चाकाच्या चकतीवर दाबणारे कॅलिपरचे पिस्टन बाहेर सरकतात, त्यामागची जागा तेल भरून काढते आणि डबीतील पातळी उतरते. पॅड बदलले, जुने तेल काढून नवे डॉट ४ प्रतीचे ब्रेक ऑइल भरले, आणि एकूण खर्च मीटरच्या अंदाजाच्या जवळपासही गेला नाही.

तोवर या गाडीतील बीप म्हणजे नुसता जाच असे माझे मत होते. आता ते तसे राहिलेले नाही, कारण पॅड संपत आल्याची खबर तिनेच दिली. पण कंपनीवरचा माझा राग गेलेला नाही. उघडे दार, न लावलेला बेल्ट, ताशी ८० च्या पुढचा वेग आणि ब्रेक ऑइल, या सर्वांसाठी या गाडीत एकच सूर आहे, आणि मीटरवर कारण सांगणारे एक अक्षरही उमटत नाही. ब्रेकसाठी वेगळा आवाज देणे हे जास्तीच्या स्पीकरपेक्षा कितीतरी गरजेचे होते. ही गाडी सेकंड हँड घेणाऱ्याने ती आधी उतारावर उभी करून, हँडब्रेक सोडून तो लाल दिवा विझतो की नाही हे ब्रेकवर पाय ठेवूनच पाहावे, आणि त्यानंतरच किमतीचे बोलावे.