सोळाचे की पंधराचे? जुन्या जीपच्या टायरांचा माझा हिशेब

भाच्याने गेल्या दिवाळीत महिंद्राची जुनी जीप, एमएम ५४०, घेतली. चासी सरळ, कागद पुरे, इंजिन तेच जुनं २११२ सीसीचं प्यूजो डिझेल. पहिल्या आठवड्यातच फोन आला, "मामा, टायर कुठले टाकू?" ब्रेक, क्लच, गळणारं तेल, कशाबद्दल एक अक्षर नाही. मी रागावलो नाही. मीही माझी जीप घेतली तेव्हा सगळ्यात आधी चाकंच बदलली होती, आणि ते चूक होतं की बरोबर हे कळायला दोन पावसाळे गेले. त्याला फोनवर जे सांगितलं ते अर्धवट होतं, म्हणून इथे नीट लिहितो.

प्रश्न दोन मापांचा आहे. एक मूळचं ६.००-१६, म्हणजे अरुंद, नायलॉनचं, आडव्या ठोकळ्यांचं, आत ट्यूब असलेलं. दुसरं २३५/७५ आर १५, म्हणजे रुंद, रेडियल (आत पोलादी तारांचा पट्टा असलेलं), ट्यूबलेस, हल्ली दहातल्या सात हौशी जीपना दिसतं ते. शेवटचा आकडा म्हणजे डिस्कचा, ज्यावर टायर चढतो त्या लोखंडी चाकाचा, इंचातला व्यास; पुढे मी नुसतं सोळा आणि पंधरा म्हणेन. उंचीला दोन्ही जवळजवळ सारखे, ७३ सेंटिमीटरच्या आसपास, त्यामुळे किलोमीटरचा काटा खोटं बोलत नाही आणि गाडी वर-खालीही होत नाही. फरक आहे तो रुंदीचा. त्या तीन-चार बोटांतून बाकी सगळं निघतं.

दिसण्याचा विषय एका वाक्यात संपवतो: पंधरावर जीप पहिलवान दिसते, सोळावर पोस्टमन.

डांबरी रस्त्यावर पंधराला तोड नाही, हे मी सोळाचा माणूस असूनही मान्य करतो. सोळा रात्रभर उभे राहिले की नायलॉन खालून चपटा होतो आणि सकाळी पहिले दोन-तीन किलोमीटर गाडी धडधड करत जाते, गरम झाली की गोल होते. साठच्या वर ठोकळ्यांचा घूंऽऽ आवाज सुरू होतो आणि शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. हे चालतं. पण मृगाच्या पहिल्या सरीने रस्ता तेलकट होतो तेव्हा सोळावर ब्रेक मारणं ही गंमत नाही. कडक रबर, ठोकळ्यांमधल्या रिकाम्या जागा, वर चारी चाकांना ड्रम. मी अशा दिवशी पुढच्या एसटीपासून इतका लांब राहतो की मधे दोन रिक्षा घुसतात. तुमचं नव्वद टक्के चालवणं हायवेवर असेल तर इथेच वाचायचं थांबा आणि पंधरा टाका, मी वाईट वाटून घेणार नाही.

आता चिखल. लोक समजतात रुंद टायर म्हणजे जास्त पकड. गाडीचं वजन तेवढंच आणि टायरात हवा तेवढीच असेल, तर जमिनीला टेकणारा भागही जवळपास तेवढाच राहतो, फक्त त्याचा आकार बदलतो. रुंद टायरचा खरा फायदा हवा कमी केल्यावर मिळतो. पंधरा १८ पाउंडावर आणले की पसरतात आणि वाळूत, भुसभुशीत मातीत वरच्या वर तरंगतात. सोळाला ती चैन नाही. हवा फार उतरवली तर टायर डिस्कवर सरकतो, सोबत ट्यूब फिरते आणि व्हॉल्व्ह मुळासकट उपटतो. मी पुढे २४, मागे २८ ठेवतो आणि त्याखाली सहसा जात नाही.

पण आमच्याकडचा चिखल तरंगण्यासारखा नाही. भोरच्या पलीकडे, वरंध घाटाच्या रस्त्याला लागल्यावर जी शेतवाट फुटते, तिच्यावर वर चार-सहा इंच लाल राड आणि खाली घट्ट मुरूम. इथे अरुंद चाक राड कापून खाली टेकतं आणि चालू लागतं. रुंद चाक वरच घसरत राहतं, खोबणी भरून गुळगुळीत होतं, मग पुरणपोळीसारखं फिरतं. सोलापूरकडच्या काळ्या मातीत गणित पुन्हा वेगळं. तिथे खाली टेकायला तळच नाही, आणि ती दोन्ही टायरांना सारखीच थापते. नदीच्या पात्रातल्या वाळूत पंधरा सरळ जिंकतात. तेव्हा कुणी "चिखलाला कुठला चांगला" विचारलं तर आधी विचारावं, चिखलाखाली काय आहे?

पंक्चरचं पारडं कधी इकडे, कधी तिकडे. पंधराला खिळा लागला तर चाक न काढता पट्टी घालून दहा मिनिटांत निघता येतं. सोळाला चाक काढा, दोन टॉम्या घालून टायर खोला, ट्यूब काढा, ठिगळ लावा. मात्र हे काम कुठल्याही गावात, कुठल्याही पोराला येतं. आणि दगडाने टायरचा गाल, म्हणजे बाजूची भिंत, फाटला तर उलटं होतं. सोळाचा गाल जाड, आतून गेटर (जुन्या टायरचा जाड तुकडा) लावून मी एक टायर आणखी वर्षभर ओढला आहे, हळू चालवून. रेडियलचा गाल फाटला की तो टायर गेला.

(पंक्चरवाल्याकडे गेलात तर एक पाहा. मूळ अमेरिकी विलिस जीपच्या वंशातल्या जुन्या जीपना डाव्या बाजूचे नट उलट्या आट्यांचे असत, माझ्या गाडीला अजून आहेत. एका उत्साही पोराने पान्यावर उभं राहून उड्या मारल्या होत्या. नट सुटला नाही, स्टड तुटला.)

आता ज्याच्यामुळे माझा निर्णय झाला ते.

पंधरा टाकले तेव्हा महिनाभर मी फार खूश होतो. मग एकदा शेतावर जाताना स्टीअरिंग पूर्ण तोडलं, म्हणजे शेवटपर्यंत वळवलं, आणि पुढून खर्र आवाज आला. टायर आतून कमानपाट्याला घासत होता. मिस्त्रीने पाहिलं, हसला, म्हणाला, सगळ्यांचंच होतं. नकलवर, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं त्या सांध्यावर, एक स्टॉपर बोल्ट असतो, चाक किती वळावं हे तो ठरवतो. तो त्याने दोन्हीकडे थोडा बाहेर काढला. पाच मिनिटांचं काम, पैसेही घेतले नाहीत. आवाज गेला, आणि आवाजाबरोबर गाडीचं वळणही गेलं.

शहरात हे कळत नाही. आमच्या शेतवाटेवर दोन अशी वळणं आहेत की एका अंगाला दरड आणि दुसऱ्या अंगाला खाली भाताची खाचरं. सोळावर ती एका दमात जात होती. पंधरावर दुसऱ्या वळणाला थांबून, मागे घेऊन, परत तोडावं लागायचं. वाचायला किरकोळ वाटेल. पण पॉवर स्टीअरिंग नाही, गाडी उभी असताना रुंद चाक वळवणं म्हणजे जातं ओढणं, हँडब्रेक जुन्या जीपचा आणि मागे चाकापासून हातभर अंतरावर बांध संपलेला. वर मागच्या बाकावर आप्पा, माझे वडील. ते पहिल्या वेळी काही बोलले नाहीत. दुसऱ्या वेळेपासून वळण यायच्या आधीच "थांब जरा" म्हणायचे, उतरायचे, वळण चालत चढून वर उभे राहायचे. पाऊस असेल तर इरलं डोक्यावर घेऊन. ऐंशीच्या घरातला माणूस. मी म्हणायचो, "आप्पा बसा हो, काही होत नाही." ते म्हणायचे, "गाडीला नीट वळू दे."

दोन पावसाळे हे चाललं.

यावर उपाय आहे, नाही असं नाही. मिस्त्रीने सुचवलंच होतं: डिस्क बदल, जास्त बाहेर निघणारी घे, किंवा हब आणि डिस्कच्या मधे स्पेसर, म्हणजे जाड चकती, टाक, म्हणजे टायर पाट्यापासून लांब जाईल आणि स्टॉपर परत आत घेता येईल. एका मित्राच्या जीपला तसं केलेलं आहे, मी ती दिवसभर चालवली. वळते छान. पण चाक किंगपिनपासून, म्हणजे ज्या खिळीवर ते वळतं तिच्यापासून, जितकं बाहेर, तितका प्रत्येक दगड थेट हातात येतो. एका धोंड्यावर स्टीअरिंगने असा झटका दिला की अंगठा आठवडाभर सुजला होता. हब बेअरिंगवर भार वाढतो तो वेगळाच. आणि मडगार्ड जुन्या मापाचं, चाक त्याच्या बाहेर, त्यामुळे उडालेला सगळा चिखल अर्ध्या दारावरून आत. बायको त्या दिवशी शेजारी बसली होती. त्या विषयावर अधिक लिहीत नाही.

मग सोळा परत टाकले. स्टॉपर जुन्या जागी नेला. पहिल्यांदा शेतावर निघालो तेव्हा दुसऱ्या वळणाआधी आप्पांचा हात सवयीने दांड्यावर गेला, उतरण्यासाठी. गाडी वळून वर गेली. त्यांनी हात परत मांडीवर ठेवला आणि तंबाखूची डबी काढली.

हे माझं, माझ्या वाटेचं. तुमच्या वाटेवर अशी वळणं नसतील तर यातलं निम्मं तुम्हाला लागू नाही.

तरीही पंधराकडेच मन ओढत असेल तर काही बारीकसारीक. २३५ ला किमान सहा इंच रुंदीची डिस्क लागते, मिळेल त्यावर चढवू नका. २१५/७५ आर १५ हा मधला मार्ग अनेकांना मानवतो, पाट्याला घासण्याचा त्रास बराच कमी होतो, पण तो सुमारे ७० सेंटिमीटर उंच, म्हणजे गाडी दीडेक सेंटिमीटर खाली बसते. पाचही चाकं एकाच मापाची आणि एकाच जातीची घ्या. एका धुरीवर एक नायलॉन आणि एक रेडियल असली खिचडी तर अजिबात नको, आणि पुढची-मागची उंची वेगळी ठेवून फोर बाय फोर टाकलं तर मधल्या गिअरपेटीची हाडं मोडतात. कागदाचाही विचार करा. मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करायचा नाही असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच पुन्हा बजावलं. पंधरा वर्षांपुढच्या गाडीला दर पाच वर्षांनी पासिंगला उभं राहावं लागतं, तेव्हा मूळ मापावर असलेला माणूस निवांत झोपतो.

सोळा घ्यायचे असतील तर एकच सावधगिरी, पण ती मोठी. हे माप आता दुकानात हळू खपतं, त्यामुळे नवा म्हणून मिळणारा टायर कधीकधी चार-चार वर्षं माळ्यावर पडलेला असतो. गालावरचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. दुकानदार "एकदम फ्रेश" म्हणेल. आकडे वाचा. ट्यूब आणि फ्लॅपही (ट्यूब आणि डिस्कमधली रबराची पट्टी) त्याच वेळी नवे घाला, जुनी ट्यूब नव्या टायरात घडी पडून फुटते.

भाचा पुण्यात राहतो, रविवारी गडाच्या पायथ्याला जातो, बाकी आठवडा गाडी सोसायटीत उभी. खरं तर त्याला पंधराच बरे, आणि मी तसं त्याला म्हणालोही. माझे पंधराचे पाच टायर डिस्कसकट गोठ्याच्या माळ्यावर पडून आहेत, पाहून घे आणि ने, पैसे नकोत. तो आला. चाकं उतरवण्याआधी म्हणाला, मामा, तुमची गाडी जरा शेतापर्यंत नेऊन आणू का? तासाभराने आला, चहा घेतला, आजोबांशी बोलला आणि तसाच निघून गेला. चाकं अजून माळ्यावरच आहेत.